जमीन दूषित निघाली? जुन्या विम्यातून सफाईचा खर्च कसा काढायचा: अमेरिकेतल्या मालकांसाठी

अमेरिकेत ड्रायक्लीनिंगचं दुकान, पेट्रोल पंप किंवा धातूला मुलामा देणारा कारखाना वर्षानुवर्षं चाललेल्या जागेच्या मालकाला केव्हातरी पर्यावरण खात्याचं पत्र येतं. मातीत किंवा भूजलात रसायन सापडलं आहे, सफाई करा. १९८० च्या सुपरफंड कायद्यात, म्हणजे दूषित जागांच्या सफाईच्या कायद्यात, निष्काळजीपणा कुणाचा हे सिद्ध करावं लागत नाही. कायदा येण्याआधी सांडलेल्या रसायनाचीही जबाबदारी येते, आणि ती जागेच्या आजच्या मालकावरही येऊ शकते. चालू विमा पॉलिसी उघडली तर त्यात प्रदूषण सरळ वगळलेलं असतं. बहुतेक लोक इथेच हात टेकतात आणि स्वतःच्या खिशात हात घालतात.

खरा आधार असतो कधीच संपलेल्या पॉलिसींचा. १९६६ पासूनच्या प्रमाणित व्यावसायिक दायित्व पॉलिसींमध्ये (म्हणजे धंद्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या) दावा कधी आला याला महत्त्व नाही, नुकसान कधी घडलं याला आहे. टाकी १९६८ पासून गळत असेल, तर १९६८ ची पॉलिसी आजही उत्तरदायी ठरू शकते, आणि पुढच्या ज्या ज्या वर्षी गळती चालू राहिली त्या वर्षांच्याही. १९७३ च्या नमुन्यात प्रदूषण वगळलं गेलं, पण ‘अचानक आणि अपघाती’ घटनेचा अपवाद ठेवून. या तीन शब्दांवर न्यायालयांचं अजून एकमत नाही. काही राज्यांत ‘अचानक’ म्हणजे अनपेक्षित, काही राज्यांत झटक्यात घडलेलं. १९८६ च्या सुमारास हा अपवादही गेला. (इंडियाना मात्र वेगळं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पेट्रोल गळतीच्या खटल्यात प्रदूषण वगळणारं कलमच संदिग्ध ठरवलं.) म्हणून शोध घ्यायचा तो १९८६ पूर्वीच्या कागदांचा, आणि सत्तरीच्या आधीचे मिळाले तर उत्तमच.

शोधाला लागण्यापूर्वी एक पथ्य पाळा. विमा कंपनीला न कळवता सफाईचं मोठं कंत्राट देऊ नका. तिच्या संमतीशिवाय केलेला खर्च ती देणार नाही, असं कलम जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असतं. तातडीचा धोका असेल तर तो अर्थातच आधी थांबवावा लागतो.

आता कागद. मूळ पॉलिसी हाती लागेल अशी आशा फार धरू नका, आणि नाही मिळाली म्हणून सोडूनही देऊ नका. विमा होता हे इतर पुराव्यांवरूनही सिद्ध करता येतं. जुन्या खतावणीत प्रीमियमची नोंद असते. वटलेल्या चेकवर विमा कंपनीचं नाव असतं. कर्ज देणाऱ्या बँकेने विम्याचा दाखला मागून फाइलला लावलेला असतो. भाडेकराराने भाडेकरूला विमा काढणं बंधनकारक केलेलं असतं. संचालकांच्या बैठकीची इतिवृत्तं, हिशेबनिसाची फडताळं, सरकारी कंत्राटांच्या फायली, निवृत्त झालेला ब्रोकर किंवा त्याचा वारस, सगळीकडे विचारा. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे जुन्या अपघातांचा पत्रव्यवहार. १९७१ मध्ये दुकानात कुणी घसरून पडलं असेल, तर विमा कंपनीच्या पत्रावर पॉलिसीचा क्रमांक छापलेला सापडतो. क्रमांक आणि वर्ष मिळालं की त्या काळच्या छापील नमुन्यावरून अटी पुन्हा मांडता येतात. हेच काम व्यवसाय म्हणून करणारे शोधकही आहेत.

विमा दुसऱ्याने काढलेला असेल, म्हणजे पूर्वीच्या दुकानदाराच्या कंपनीने, तर तो आपोआप तुमचा होत नाही. पण त्या कंपनीवर दावा लावून तिच्या विम्यापर्यंत पोहोचता येतं. ती कंपनी विसर्जित झाली असेल तर पुढचा मार्ग राज्यागणिक बदलतो.

विमा कंपन्यांची नावंही बदललेली असतात. एटना कंपनीचा मालमत्ता व दायित्व विम्याचा व्यवसाय १९९६ मध्ये ट्रॅव्हलर्सकडे गेला. लॉइड्स या लंडनच्या विमा बाजाराची १९९२ पर्यंतची जुनी दायित्वं त्यासाठीच काढलेल्या इक्विटास कंपनीकडे आणि पुढे बर्कशायर हॅथवेच्या छत्राखाली गेली. होम इन्शुरन्ससारखी कंपनी २००३ मध्ये अवसायनात निघाली, म्हणजे देणी भागवून बंद करायला काढली गेली. तिथे दावे लावण्याच्या मुदती कडक असतात.

नाव कळलं की संपूर्ण पुरावा जमेपर्यंत थांबू नका. सापडलेल्या प्रत्येक कंपनीला, प्रत्येक वर्षासाठी, प्राथमिक आणि तिची मर्यादा संपल्यावर लागू होणाऱ्या अतिरिक्त पॉलिसींखालीही लेखी सूचना द्या. पोहोचपावती ठेवा, खात्याचं पत्र जोडा आणि भरपाईबरोबर बचावाचा, म्हणजे वकिलाचा वगैरे, खर्चही मागा. बचावाची जबाबदारी भरपाईपेक्षा व्यापक असते, आणि अनेक जुन्या पॉलिसींत हा खर्च विम्याच्या मर्यादेतून वजा होत नाही. मात्र पॉलिसी बचाव देते तो ‘खटल्या’त, आणि खात्याचं पत्र म्हणजे ‘खटला’ का, यावर राज्यं भांडतात. मिनेसोटाच्या न्यायालयाने १९९० मध्ये हो म्हटलं, कॅलिफोर्नियाच्या १९९८ मध्ये नाही. त्यामुळे विमाधारकांची बाजू लढवणारा त्याच राज्यातला वकील लागतोच. उत्तरादाखल ‘आमचे हक्क राखून’ असं पत्र येईल. तो नकार नव्हे.

दुसरी अडचण अशी, की स्वतःच्या मालकीच्या मालमत्तेचं नुकसान दायित्व विमा देत नाही. फक्त तुमच्याच प्लॉटची माती खराब असेल तर दावा दुबळा. प्रदूषण भूजलात किंवा शेजारच्या जमिनीत गेलं असेल तर तो बळकट होतो. म्हणून तपासणी करणाऱ्या सल्लागाराला पाण्याची दिशा आणि पसरण नीट मोजायला सांगा.

शेवटी बहुधा तडजोडीची रक्कम पुढे येते, आणि तिच्यासोबत विमा कंपनीने पॉलिसीच परत विकत घेण्याचा, म्हणजे ती कायमची संपवण्याचा, प्रस्ताव. सफाईच्या खर्चाचा अंदाज हातात येण्याआधी सही करू नका. करारात फक्त हीच जागा आहे की कंपनीच्या सगळ्या जागा, आणि शेजाऱ्यांचे आजारपणाचे दावेही त्यात मिटवले आहेत का, हे वकिलाकडून ओळ न ओळ तपासून घ्या.