लग्नाच्या ऑर्डरींसाठी व्हिडिओ कॅमेरा घेताना : मिक्सिंगच्या टेबलावरून

शूटिंगला मी जात नाही. बेळगावच्या शहापुरात घरीच मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओचं एडिटिंग, करते. खानापूरपासून निपाणीपर्यंतची पोरं रात्री मेमरी कार्डं आणून टाकतात, आणि कुणाच्या कॅमेऱ्यानं लग्न सांभाळलं, कुणाच्यानं घालवलं, ते दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर दिसतं. तुळशीचं लग्न झालं की "अक्का, कुठला कॅमेरा घेऊ?" हे फोन सुरू होतात.

मी बजेट नंतर विचारते. आधी गेल्या सीझनची ऑर्डरींची वही काढायला सांगते. ट्रॅडिशनल (सगळे विधी सलग काढायचे) किती, कॅन्डिड (नकळत टिपलेले क्षण) किती, शाळांची गॅदरिंगं किती, गावच्या लक्ष्मीच्या यात्रा नि कुस्त्या किती, लाइव्ह किती. कॅन्डिड आणि प्री-वेडिंगवरच घर चालत असेल तर सरळ मिररलेस (लेन्स बदलता येणारा फोटोचा कॅमेरा) घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. पण हळदीपासून वरातीपर्यंत एकट्यानं उभं राहायचं असेल तर कॅमकॉर्डरच, म्हणजे लेन्स अंगातच असलेला खास व्हिडिओचा कॅमेरा. त्याचं कारण आहेर. अक्षता पडल्या की स्टेजवर रांग लागते ती दोन-दोन तास हटत नाही. लेन्स बदलायला तिथं ना जागा ना वेळ, आणि एखाद्याचे मामा सुटले तर घरची मंडळी नंतर तेवढंच हुडकत बसतात. जुने डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबायचे. त्याहून जास्त वेळ रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याची आयात ड्युटी लागायची, म्हणून कंपन्यांनीच ती मर्यादा घातलेली. आता ती बहुतेक ठिकाणी गेली, पण मे महिन्यात पत्र्याच्या मंडपाखाली फोर-के वर सलग चालवला की तापून बंद पडणारे मिररलेस अजून आहेत.

कॅमकॉर्डर ठरला की पहिल्यांदा आवाजाचं बघा. दुकानात कुणीच बघत नाही, आणि माझ्याकडं सगळ्यात जास्त ऑर्डरी इथंच मार खातात. भटजी शेवटचं "सावधान" म्हणतात, त्याच क्षणी बँड फुटतो. लेव्हल ऑटोवर असेल तर कॅमेरा ती झटक्यात खाली ओढतो. मग हार घालतानाचा करवल्यांचा गलका, "वर उचला, वर उचला" म्हणून नवऱ्याच्या मित्रांचा आरडाओरडा, सगळं बँडखाली गडप. मी नंतर कितीही वर ओढलं तरी खरखरच वर येते. म्हणून दोन एक्सएलआर इनपुट (तीन पिनांच्या माइकच्या वायरीसाठीचे) हवेत आणि दोन्हींची लेव्हल वेगवेगळी हातानं फिरवता आली पाहिजे. ते नॉब कॅमेऱ्याच्या अंगावर हवेत, मेनूत नकोत. एका चॅनलला साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घ्या. तिथं स्विच 'लाइन'वर ठेवा, 'माइक'वर राहिला तर आवाज फाटतो. दुसऱ्या चॅनलला कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक, त्याची लेव्हल बँडचा विचार करून कमी. भटजींचा आवाज मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास खेळला की मला पुरे.

आपल्याकडं खेड्यापाड्यांत सोनीचा एचएक्सआर-एमसी२५०० अजून बऱ्याच खांद्यांवर दिसतो. तो घेण्यामागचं खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: खांद्यावर मोठा कॅमेरा दिसला की मुलीच्या वडलांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. हसू नका, धंद्यात त्यालाही किंमत आहे. पण त्याला एक्सएलआर नाही, माइकसाठी साधा साडेतीन मिलिमीटरचा जॅक आहे. आणि सेन्सर पाव इंची.

उजेडाचं गणित त्या सेन्सरवरच ठरतं. एक इंची म्हणतात तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. पाव इंचीच्या तुलनेत क्षेत्रफळ दसपटीहून जास्त. रात्रीच्या वरातीत, नाहीतर जांबोटीकडच्या एखाद्या घरात एका बल्बच्या उजेडात देवक बसवताना, हा फरक लहान पोरालाही दिसेल. सोनीचे एचएक्सआर-एनएक्स१०० नि पीएक्सडब्ल्यू-झेड१५०, पॅनासॉनिकचा एजी-यूएक्स१८०, कॅननचा एक्सए५० हे सगळे एक इंची. यातले काही आता सेकंडहँडच मिळतील. दुकानदाराला लाइट घालवायला सांगा, गेन (अंधारात चित्र उजळवणारी सेटिंग) १८ डीबीवर न्या, कुणाच्या तरी काळ्या केसांवर अर्धा मिनिट शूट करा आणि ते मोठ्या टीव्हीवर बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच गोड दिसतं.

झूमच्या आकड्यावर भाळू नका. सोनीच्या त्या दोघांचा झूम १२ पट, यूएक्स१८०चा २० पट, पण मी आधी दुसरं टोक विचारते: वाइड किती? सोनीचे २९ मिलिमीटरपासून सुरू होतात, यूएक्स१८० २४पासून. अरुंद सोप्यात हळद लावताना पाठ भिंतीला टेकलेली असते, तिथं हे पाच मिलिमीटर म्हणजे आणखी दोन काकू फ्रेममध्ये. उलट आनंदवाडीच्या आखाड्यातल्या कुस्त्या हेच तुमचं मुख्य काम असेल तर लांब झूम घ्या. फोकस, झूम, आयरिस (आत उजेड किती घ्यायचा ते) अशा तीन वेगळ्या रिंगा असल्या तर उत्तमच.

मंडपाचं कापड हा आपल्याकडचा खास त्रास. गुलाबी-पिवळ्या कापडातून दुपारचं ऊन गाळून येतं आणि अख्खं वऱ्हाड काविळीचं दिसतं. व्हाइट बॅलन्सचं बटण बाहेर हवं, म्हणजे मंडपात शिरल्या शिरल्या कुणाच्या पांढऱ्या टोपीवर नाहीतर पंचावर धरून दाबता येतं. एनडी फिल्टरची (ऊन कमी करणाऱ्या काळसर काचेची) चकतीही बाहेरच हवी. नवरी घरातून उन्हात आली की मेनू उघडत बसायला वेळ नसतो.

फोर-के बद्दल माझं मत बऱ्याच पोरांना आवडत नाही. पार्टी पेनड्राइव्ह टीव्हीला लावते नाहीतर फोनवर बघते. फुल एचडीला २८ एमबीपीएसच्या एव्हीसीएचडी फॉरमॅटमध्ये तासाला साधारण साडेबारा जीबी लागतात, फोर-केला १०० एमबीपीएसवर ४५. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड एकीकडं पाच तास जातं, दुसरीकडं सव्वा-दीड तास. नवा कॅमेरा फोर-केचा येईलच, घ्या की. पण आहेर एचडीतच काढा. त्यापेक्षा दोन कार्ड-स्लॉट आणि दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्डिंग होतं का, ते बघा. कार्ड मेलं तर अक्षता परत टाकता येत नाहीत.

अमेरिकेहून कुणाचा भाऊ कॅमेरा आणतोय म्हणून खूश होऊ नका. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. त्यात ५०पी-२५पी चा (सेकंदाला ५० नाहीतर २५ फ्रेमचा) पर्याय आहे का, हे आधी विचारा. काही मॉडेलांत नसतो, आणि मग ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं. परदेशातली वॉरंटी इथं चालेल का, तेही लेखी बघा. एलईडी वॉलसमोर पट्टे फिरायला लागले तर शटर बारीक-बारीक बदलता येणारा कॅमेरा वाचवतो.

लाइव्हच्या ऑर्डरी असतील तर एसडीआय (लांबवर चित्र नेणाऱ्या वायरीचं आउटपुट) हवा. एचडीएमआयची वायर लांबवली की दगा देते, एसडीआय मांडवाच्या या टोकापासून त्या टोकाला आरामात जाते. कॅननचे एक्सए५० आणि एक्सए५५ दिसायला जुळे, पण एसडीआय फक्त ५५ला आहे. बिल करताना आकडा नीट वाचा.

ज्याच्याबरोबर तुम्ही सीझनभर जोडीनं जाता, त्याच्याकडं कुठला कॅमेरा आहे, याला मी ब्रँडपेक्षा जास्त मान देते. एकाचा सोनी, एकाचा पॅनासॉनिक असला की नवरीचा शालू एका शॉटमध्ये लालभडक आणि दुसऱ्यात जांभळट, ते जुळवताना माझी रात्र जाते आणि बिल तुमचं वाढतं. बॅटऱ्याही एकमेकांना चालतात, हा वरचा फायदा.

सेकंडहँड घेताना लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा. आपल्याकडचा पाऊस आणि त्यात सीझन संपल्यावर बॅगेत पडून राहिलेला कॅमेरा, बुरशीचे धागे हमखास सापडतात. झाकण लावून गेन वाढवा आणि रेकॉर्ड करा. रंगीत ठिपके एकाच जागी राहिले तर सेन्सरचे पिक्सेल बिघडलेत. डीजेच्या लेझरनंही सेन्सर जळतो, तेव्हा मागच्या मालकानं वराती किती केल्या, हेही विचारा. मेनूत तासांचं मीटर असेल तर उघडून बघा.

आणि नवा असो की जुना, कार्ड कॉपी करून देताना त्यातल्या क्लिपा सुट्ट्या-सुट्ट्या काढून देऊ नका. लांब रेकॉर्डिंगचे कॅमेरा स्वतःच तुकडे करतो आणि ते जोडायची माहिती एव्हीसीएचडीत 'प्रायव्हेट' नावाच्या फोल्डरात असते. ते अख्खं फोल्डर द्या, नाहीतर जोडावर आवाज तुटतो आणि फोन मलाच येतो.