अब्रुनुकसानीची नोटीस आली तर

गावातील रस्त्याचे निकृष्ट काम किंवा गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबातील घोळ याविषयी कोणी फेसबुकवर किंवा तालुक्याच्या साप्ताहिकात लिहितो आणि आठवडाभरात वकिलाची नोटीस हाती पडते. अशा वेळी मजकूर घाईने पुसून टाकला जातो, आणि त्यासोबत आपलाच पुरावाही जातो. मजकूर काढायचा की ठेवायचा हे वकिलाशी बोलून ठरवावे. त्याआधी पूर्ण मजकूर, त्याची तारीख व वेळ, खालचे प्रतिसाद आणि ज्यांच्या आधारे लिहिले ते कागद व छायाचित्रे जपून ठेवावीत. मूळ फोनही विकू वा बदलू नये, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्याच्या नमुन्यात तज्ज्ञाने भरावयाचा भागही आहे.

नोटीस म्हणजे खटला नव्हे. तिला उत्तर देण्याची कायद्याने सक्ती नाही, तरीही आपला आधार काय होता हे सांगणारे थोडक्यात उत्तर वकिलामार्फत द्यावे, असे माझे मत आहे. समोरचा पक्ष न्यायालयातून एकतर्फी मनाई हुकूम घेईल अशी शक्यता दिसली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपले ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करावे. ते ९० दिवस लागू राहते. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था विरुद्ध झी ही दूरचित्रवाणी कंपनी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांचा असा अंतरिम आदेश रद्द केला आणि सुनावणीपूर्वीच मजकूर बंद करण्याचे आदेश केवळ अपवादात्मक परिस्थितीत द्यावेत, असे सांगितले. मनाईच्या अर्जाला विरोध करताना या निकालाचा उल्लेख अवश्य व्हावा.

फौजदारी बाजू १ जुलै २०२४ पासून बदलली आहे. त्या दिवसापासूनच्या मजकुराला भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागू होते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा अशी आहे. गुन्हा अदखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा) आणि जामीनपात्र असल्याने ‘उद्या पोलीस उचलून नेतील’ या धमकीने घाबरू नये. फिर्याद न्यायदंडाधिकाऱ्यापुढेच करावी लागते. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार, आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायदंडाधिकाऱ्याला अशा फिर्यादीवरून गुन्ह्याची दखल घेता येत नाही. ही संधी पूर्वीच्या कायद्यात नव्हती, म्हणून त्या सुनावणीच्या तारखेला गैरहजर राहू नये.

‘मी खरेच लिहिले आहे’ एवढ्यावर मात्र विसंबू नये. दिवाणी दाव्यात मजकूर खरा ठरला की बचाव पूर्ण होतो. फौजदारी खटल्यात तो खरा असून शिवाय लोकहितासाठी प्रसिद्ध केला होता, हेही दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर निर्णय देताना फौजदारी बदनामीची तरतूद वैध ठरवली, त्यामुळे ही अट कायम आहे. सार्वजनिक कामाविषयीचे मत सद्भावाने मांडले असेल तर संरक्षण मिळते, परंतु कायद्याच्या व्याख्येनुसार योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केली असे मानता येत नाही.

म्हणून खरी तयारी लिहिण्याआधीच करावी लागते. ज्याच्याविषयी लिहायचे त्याला नेमके प्रश्न लेखी पाठवावेत, उत्तरासाठी वाजवी मुदत द्यावी आणि आलेले उत्तर मजकुरात घ्यावे. ‘सरपंचांनी पैसे खाल्ले’ असे लिहिण्याऐवजी मोजमाप पुस्तिकेत किती रुंदी नोंदली आहे आणि जागेवर किती भरली, एवढेच लिहावे. निष्कर्ष वाचक काढतो. वाक्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून किंवा आरोप उपरोधाने करून सुटका होत नाही, कारण उपरोधाने केलेला आरोपही बदनामीच ठरू शकतो, असे कलम ३५६ च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवणे हेही प्रसिद्ध करणेच आहे. व्हॉट्सॲप गटाच्या ॲडमिनला मात्र समान हेतू असल्याखेरीज सदस्याच्या संदेशासाठी जबाबदार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

खासगीपणाची मर्यादा वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि कोणाचा आजार किंवा घरातले भांडण खरे असले तरी ते लोकांपुढे मांडण्याचे कारण नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड होईल असे काहीही छापू नये; न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तो स्वतंत्र गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(जे) मध्येही बदल झाला असून वैयक्तिक माहिती नाकारणे सोपे झाले आहे. म्हणून माहितीच्या अर्जातच, लोकहित मोठे असल्यास माहिती देण्याची मुभा देणाऱ्या कलम ८(२) चा आधार घेऊन लोकहित कोणते, हे लिहावे.

चूक आपलीच निघाली, तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे आणि नोटीस येण्याची वाट न पाहता करावी. बदनामीचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. दिवाणी भरपाईचा दावा मात्र मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आतच करावा लागतो. फौजदारी फिर्यादीसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे, म्हणून कागदपत्रे निदान तोवर हाताशी ठेवावीत.