मिनरल मागा, पण पबमध्ये जा

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नव्याने आलेल्या मराठी माणसाचे पहिले दोन महिने कशात जातात हे आता पाठ झालंय. कर आणि सरकारी कामांसाठीचा पीपीएस नंबर, बँकेचं खातं, राहण्याच्या परवान्याच्या म्हणजे आयआरपी कार्डाची अपॉइंटमेंट आणि सगळ्यांत अवघड म्हणजे भाड्याचं घर. या सगळ्याची माहिती मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हवी तेवढी मिळते. तिथे सहसा कुणी विचारत नाही तो प्रश्न वेगळाच आहे. शुक्रवारी पाच वाजता ऑफिसातलं कुणीतरी टेबलाशी येऊन ‘पाइंटला येतोस का?’ म्हणतं, तेव्हा काय करायचं? बहुतेक जण ‘नको, मी पीत नाही’ म्हणतात आणि बस पकडतात. दोन-तीनदा असं झालं की विचारणारा विचारणं थांबवतो. त्याला राग आलेला नसतो. याला यायचंच नसतं, असा तो समज करून घेतो.

म्हणून आधीच सांगते: दारू प्यायची की नाही हा सर्वस्वी तुमचा प्रश्न, पण पबला नाही म्हणू नका. कुठल्या टीममध्ये जागा निघणार आहे, कुणाच्या मावशीचं घर पुढच्या महिन्यात रिकामं होतंय, कोणता मेकॅनिक फसवत नाही, ही माहिती इथे ईमेलने येत नाही. ती पबच्या टेबलावर, दुसऱ्या ग्लासाच्या आसपास, विषय बदलता बदलता कळते. घर शोधणाऱ्याने तर हे जास्तच लक्षात ठेवावं. या शहरात चांगली घरं जाहिरातीपर्यंत पोचायच्या आत तोंडी जातात.

न पिणाऱ्यांनी काय मागायचं, हे सोपं आहे. कोला, लेमन, ऑरेंज या सगळ्याला इथे ‘मिनरल’ म्हणतात. ‘रॉक शँडी’ नावाला घाबरू नका, त्यात दारू नसते. संत्रं आणि लिंबू यांचं सोडा घातलेलं पेय आहे ते. शून्य अल्कोहोलची गिनेस किंवा हायनेकेन बिअर आता बहुतेक ठिकाणी मिळते आणि ग्लासात ओतली की लांबून ओळखूही येत नाही. कारण देत बसायची गरज नाही. एक खुलासा दिला की चार प्रश्न येतात. नुसतं ‘आज मिनरल’ म्हटलं तर कुणी वळूनही बघत नाही.

दारू न पिणारा माणूस इथे नवलाचा असतो ही आपलीच समजूत आहे. पॅट्रिक स्ट्रीटच्या टोकाला फादर मॅथ्यू यांचा पुतळा आहे. कॉर्ककर त्याला नुसतं ‘द स्टॅच्यू’ म्हणतात आणि भेटायची जागा म्हणून सांगतात. या फादरनी १८३८ मध्ये याच शहरातून दारू सोडण्याच्या शपथांची चळवळ सुरू केली आणि लाखो लोकांनी शपथ घेतली. पुढे १८९८ मध्ये पायोनियर संघटना निघाली. तिचे सदस्य दारूला स्पर्श करत नाहीत आणि कोटावर छोटी पिन लावतात. साठी-सत्तरीच्या लोकांच्या कोटावर ती अजून दिसते. ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, लेंटमध्ये, पिणं सोडणारेही खूप. तेव्हा श्रावण पाळत असाल तर बिनधास्त सांगा, चट्कन समजतं त्यांना.

पिणाऱ्यांसाठी एक स्थानिक बारकावा. डब्लिनच्या गिनेसचं जे काही असेल ते असो, कॉर्कचे स्वतःचे दोन स्टाउट, म्हणजे काळ्या बिअर, आहेत: १७९२ पासूनची बीमिश आणि १८५६ पासूनची मर्फीज. बीमिशची साउथ मेन स्ट्रीटवरची जुनी ब्रुअरी २००९ मध्ये बंद झाली आणि आता दोन्ही मर्फीजच्याच जागेत बनतात, पण पिणाऱ्यांचे पक्ष कायम आहेत. नवख्याने बीमिश मागितली की बारवरचा म्हातारा एकदा तरी मान डोलावतो. शिवाय ती बहुतेक ठिकाणी थोडी स्वस्त असते. ‘अ ग्लास’ म्हणजे इथे अर्धा पाइंट. आणि स्टाउट दोन टप्प्यांत ओततात. पाऊण भरलेला ग्लास काउंटरवर खळबळत बसलेला दिसला तर तो उचलू नका, अजून तो तुमचा झालेला नाही.

आता राउंड. सगळ्यांत जास्त गैरसमज याच्यात होतात, म्हणून सावकाश सांगते. चौघे बसलात तर एक जण उठून चौघांचं आणतो, मग दुसरा, मग तिसरा. आपल्याकडची भिशी जशी चालते तसंच हे चालतं: आज ज्याला मिळालं त्याने पुढे भरायचंच. कुणी हिशेब मांडत नाही, पण कुणी विसरतही नाही. तीन जणांच्या राउंडी पिऊन स्वतःची पाळी यायच्या वेळी ‘बस आहे’ म्हणत निघालेला माणूस पुढची दहा वर्षं त्याच ओळखीने ओळखला जातो. त्याच्या पाठीमागे हे बोललं जातं, तोंडावर कधीच नाही.

पाइंट सहा युरोच्या आसपास धरा. सहा जणांच्या राउंडीत अडकलात तर तुमची एक पाळी तीस युरोंच्या वर, आणि तुम्ही स्वतः दोन मिनरल प्यायलेले. म्हणून मोठ्या घोळक्यात सुरुवातीलाच, पहिला ग्लास येण्याआधी सांगून टाका, ‘मी लवकर निघणार आहे, माझं मी घेते.’ याला पूर्ण मान्यता आहे. मध्येच राउंडीतून बाहेर पडायचं असेल तर आधी आपली पाळी देऊन मगच पडायचं. माझा स्वतःचा नियम म्हणजे तिघा-चौघांच्याच राउंडीत बसायचं. एखादी राउंड नको असेल तर ‘यावेळी मला नको’ म्हणता येतं. पण आपली पाळी आली की सगळ्यांना विचारायचं, स्वतःला नको असलं तरीही. आणि बिल ॲपवर सहा भागांत वाटायचं सुचवू नका. पुण्याच्या हॉटेलात ते चालतं, इथे त्याने सगळ्यांचा मूड जातो.

बारवर रांग दिसत नाही, पण ती असते, बारमनच्या डोक्यात. नोट हलवणं, चुटकी वाजवणं, ‘एक्स्क्यूज मी’ ओरडणं यातलं काही करायचं नाही. काउंटरला टेकून उभं राहा, नजरानजर झाली की पुरे. काउंटरवर टिप देत नाहीत. जेवण टेबलावर आणून दिलं असेल तर दहा टक्के ठेवतात.

शाकाहारी मंडळींना पबमध्ये उपाशी राहायची सवय लागते. मेनूवरचं ‘टोस्टेड स्पेशल’ हे चीज सँडविच वाटतं, पण त्यात हॅम असतं. हॅम काढून मागा, देतात. सूप भाजीचं असलं तरी ते कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारा. संध्याकाळी नऊनंतर बहुतेक किचन बंद होतं आणि मग तारणहार एकच: टेटोचं चीज-अनियन वेफर्सचं पाकीट. पाकीट मधोमध फाडून टेबलावर उघडं पसरायचं, म्हणजे ते सगळ्यांचं होतं. एवढी साधी गोष्ट, पण बोलणं सुरू करायला दुसरं काही लागत नाही.

बोलायचं काय? हवा हा विषय चेष्टेचा नाही, खरोखर चालतो. पगार, घराची किंमत, ‘लग्न का नाही केलं’, धर्म हे विषय पहिल्या वर्षात बंद ठेवा. मॅचबद्दल बोला, पण क्रिकेटवर भिस्त ठेवू नका. आयर्लंडने २००७ च्या विश्वचषकात सेंट पॅट्रिक्स डेला पाकिस्तानला हरवलं आणि २०११ मध्ये बंगळुरूत इंग्लंडला, हे आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त आठवतं. इथे खरा जीव अडकलाय तो हर्लिंग या काठी-चेंडूच्या देशी खेळात. कॉर्कने २००५ मध्ये ऑल-आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं. मग २०२४ च्या फायनलला जादा वेळेत एका पॉइंटने क्लेअरकडून हरले आणि २०२५ मध्ये मध्यंतराला सहा पॉइंटांनी पुढे असून टिपरेरीने त्यांना धुऊन काढलं. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्कचे फक्त दोन पॉइंट झाले. हे माहीत असू द्या, पण स्वतःहून काढू नका. त्यांनी काढलं तर फक्त मान हलवायची.

‘वराडकर तुमच्याकडचे ना?’ हेही ऐकावं लागेल. लिओ वराडकर दोनदा इथले पंतप्रधान झाले आणि त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे खरं आहे. २०१९ च्या डिसेंबरात ते त्या गावी जाऊनही आले. पण त्यांच्याबद्दल टेबलावर दोन टोकाची मतं असतात. तुम्ही वराडच्या आंब्यांवर आणि माशांवर यावं, हे उत्तम.

तुमची थट्टा सुरू झाली तर ते चांगलं लक्षण समजा. तुमच्या जाकिटावरून, तुमच्या चहावरून, तुम्ही दर वाक्याला ‘सॉरी’ म्हणता त्यावरून. ज्याला आपलं मानलं नाही त्याच्याशी हे लोक अतिशय सभ्यपणे वागतात. उलट टोला हाणा, हळूच. मात्र थट्टा आणि वर्णावरून टोमणा यांतला फरक ऐकताक्षणी कळतो. तिथे हसून घालवायची गरज नाही. टेबलावरचाच कुणीतरी सहसा तुमच्या आधी बोलतो.

पबमधून निघण्याबद्दल मात्र मी कडक आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि दूतावासाला निर्जन भागात, विशेषतः अवेळी, जाऊ नका अशी सूचना काढावी लागली. कॉर्क तुलनेने निवांत आहे, तरी शुक्रवारी रात्री साडेबारानंतर, पब सुटल्यावर, रस्त्यावर रेंगाळू नका. दोघे मिळून टॅक्सी करा. संकटात ११२ किंवा ९९९. गाडीचं म्हणाल तर आपलं भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते. शिकाऊ चालकाला आणि लायसन्स मिळाल्यावर पहिली दोन वर्षं रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे, इतर बहुतेकांना ५०. म्हणजे तुमच्यासाठी एक पाइंटही जास्त. गाडी असेल तर मिनरल, विषय संपला.

मुलांना घेऊन दुपारी पबमध्ये जेवायला जाता येतं, लोक जातातच. १८ च्या आतल्यांना रात्री नऊनंतर बारमध्ये थांबता येत नाही. मे ते सप्टेंबर ही वेळ दहाची. बायकांनी एकटीने जाऊन बसावं का, असं मला हमखास विचारतात. बसावं. काही पबमध्ये दारालगत छोटी बंद खोली दिसेल, स्नग. पूर्वी बायका लोकांच्या नजरेआड तिथे बसत, आणि १९७० च्या दशकातही काही पब बाईला पाइंट द्यायला नाही म्हणायचे. २००० च्या कायद्याने तसा भेदभाव बंद झाला. आता स्नगमध्ये दुपारची कॉफी आणि पुस्तक घेऊन बसलेली बाई हे नेहमीचं दृश्य आहे, आणि पावसाळी मंगळवारी मला तरी ती जागा घरापेक्षा बरी वाटते.

संगीत ऐकायचं तर कोबर्ग स्ट्रीटवरच्या ‘शिन ए’ला जा. वादक स्टेजवर नसतात, टेबलाभोवती बसून वाजवतात. त्यांच्या खुर्च्यांवर बसायचं नाही, आणि कुणी एकट्याने गाणं धरलं की गप्प व्हायचं. फर्माईश अजिबात नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. सहकाऱ्याचे आई किंवा वडील गेले, तर अंत्यविधीला जा. बोलावणं येत नाही. आरआयपी डॉट आयई या साइटवर वेळ आणि जागा दिलेली असते आणि ऑफिसातले सगळे ती बघतात. ओळख थोडीशी असली तरी चालते. रांगेत उभं राहून घरच्यांशी हात मिळवायचा, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ म्हणायचं, पुढे सरकायचं. दफनानंतर मंडळी पबमध्ये किंवा हॉटेलात जेवायला जमतात, आणि तिथे थोड्या वेळाने हशा सुरू होतो. गेलेल्या माणसाचे किस्से निघतात. दचकू नका, आणि घाईने उठूही नका. तुम्ही आलात हे ते घर वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं. पन्नास शुक्रवारांनी जे होत नाही ते या एका दुपारने होतं, असं मी पाहिलंय.

पब मुळीच जमत नसेल तर शनिवारी सकाळी साडेनऊला बॅलिनकॉलिगच्या पार्करनला, म्हणजे सगळ्यांनी मिळून धावायला, जा, फुकट आहे, चाललात तरी चालतं. मुलं असतील तर जीएएच्या, म्हणजे हर्लिंगसारखे देशी खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, स्थानिक क्लबात घाला. मैदानाच्या कडेला भिजत उभे राहिलेले पालक आपोआप ओळखीचे होतात.

आणि हो, ‘वुई मस्ट गो फॉर अ पाइंट समटाइम’ हे आमंत्रण नव्हे, निरोपाची रीत आहे. तुम्हाला खरंच भेटायचं असेल तर वार तुम्हीच ठरवा: ‘गुरुवारी सहाला?’ ते येतात. दोन-तीन गुरुवारांनंतर घरी जेवायला बोलवा, निघायची वेळही सांगा, तिखट निम्मं करा. पाहुणा वाइनची बाटली घेऊन येईल. घरात चालत नसेल तर बोलावतानाच मोकळेपणाने सांगा, मग तो रोझेस चॉकलेटचा डबा आणेल. ‘कशाला आणलंस’ एकदाच म्हणा आणि डबा त्याच्यासमोरच उघडा.