उन्हाळ्यात अंड्याचे कवच सांभाळताना: खाद्य, पाणी आणि वेळेचे नियोजन

कोंबड्यांच्या शेडमधले तापमान दुपारी ३० अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले की आठवड्याभरात ट्रेमध्ये तडकलेली आणि पातळ कवचाची अंडी वाढतात. मग घाईने खाद्यात चुनखडी वाढवली जाते आणि बऱ्याचदा फरक पडत नाही. कारण उष्णतेने कवच दोन वाटांनी बिघडते. कोंबडी कमी खाते ही एक वाट, आणि धापा टाकून तिच्या रक्तातला आम्ल-अल्कलीचा समतोल ढळतो ही दुसरी. पहिलीवर चुनखडी चालते, दुसरीवर नाही.

आधी रोजचे खाणे मोजा

एका अंड्याच्या कवचात साधारण २ ते २.३ ग्रॅम कॅल्शियम असते. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्मे किंवा त्याहून थोडे जास्तच अंगी लागते, म्हणून लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीच्या पोटात रोज ४ ग्रॅमच्या पुढे कॅल्शियम जायला हवे. खाद्याच्या फॉर्म्युल्यातली टक्केवारी कोंबडी रोज किती खाईल हे धरून काढलेली असते. ११० ग्रॅम खाणाऱ्या पक्ष्याला ३.८ टक्के कॅल्शियमच्या खाद्यातून ४.१८ ग्रॅम मिळते. उन्हात तोच पक्षी ९५ ग्रॅमवर आला की मिळते ३.६१ ग्रॅम. खाद्य तेच, तूट मात्र रोज अर्ध्या ग्रॅमहून जास्त. ही तूट कोंबडी हाडांतून भरून काढते, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस अंडी चांगली दिसतात. पुढे कवच पातळ होते आणि पिंजऱ्यातले काही पक्षी पायावर उभेच राहत नाहीत.

म्हणून खाद्य वजन करून घाला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फीडरमधले उरलेले काढून वजन करा आणि फरकाला जिवंत पक्ष्यांच्या संख्येने भागा. तीन दिवसांची सरासरी धरा. एका दिवसाच्या आकड्यावर फॉर्म्युला बदलू नका.

वरच्या उदाहरणात तूट ०.५७ ग्रॅम आहे. चांगल्या चुनखडीत सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असते, म्हणजे पक्ष्यामागे १.५ ग्रॅम किंवा हजार पक्ष्यांना दीड किलो चुनखडी जादा लागेल. ती पावडर करून सगळ्या खाद्यात मिसळू नका. खाद्य धुळकट होते, पक्षी ते टाळतात आणि ऊर्जा आणखी पातळ होते. २ ते ४ मिलिमीटर आकाराची ग्रिट, म्हणजे चुनखडीचे जाड खडे घ्या आणि संध्याकाळच्या खाद्यावर सारखी पसरा.

तूट फक्त कॅल्शियमची नसते. खाणे ११० वरून ९५ ग्रॅमवर येते तेव्हा मिथिओनीन आणि लायसिन ही अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि सूक्ष्म खनिजे असे सगळेच जवळपास १४ टक्क्यांनी घटते. प्रीमिक्स (जीवनसत्त्वे आणि सूक्ष्म खनिजांचे तयार मिश्रण) आणि कृत्रिम अमिनो आम्ले त्या प्रमाणात वाढवा. पेंड वाढवून प्रथिने चढवणे ही सर्रास होणारी चूक आहे. जादा प्रथिने पचवताना आणि बाहेर टाकताना पक्ष्याच्या अंगात उष्णता वाढते. ऊर्जेसाठी १ ते २ टक्के तेल घाला. तेलाच्या पचनात उष्णता सर्वांत कमी निर्माण होते आणि खाद्याची धूळही बसते. तेल घातलेले खाद्य उन्हाळ्यात लवकर खवट होते, तेव्हा ते थोडे थोडे बनवा आणि आठवड्याच्या आत संपवा.

कवच रात्री घडते

कवच चढायला १८ ते २० तास लागतात आणि त्यातला मोठा भाग अंधारात, कोंबडी काही खात नसताना चढतो. बारीक चुनखडी काही तासांत पुढे सरकते. जाड खडे पेषणीत (खाद्य दळणाऱ्या पोटाच्या भागात) अडकून रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. एकूण चुनखडीपैकी निम्मी तरी ग्रिट हवी. कळप पन्नास आठवड्यांच्या पुढे गेला की ती ६५ टक्क्यांपर्यंत न्या, कारण वयाबरोबर अंडे मोठे होते, कवचाला मिळणारा माल मात्र तेवढाच राहतो. शिंपल्यांची ग्रिटही चालते. डोलोमाइटी चुनखडी मात्र नको. तिच्यातल्या मॅग्नेशियममुळे विष्ठा पातळ होते आणि कवच आणखी बिघडते. नवीन माल आला की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही तपासून घ्या.

फॉस्फरसकडेही बघा. उपलब्ध, म्हणजे पक्ष्याला वापरता येणारा फॉस्फरस ०.३५ ते ०.४० टक्क्यांच्या आसपास पुरतो. ‘हाडांसाठी’ म्हणून वरून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) टाकल्यास कवचाचे नुकसानच होते. फायटेज (धान्यातला बांधलेला फॉस्फरस सोडवणारे विकर) वापरत असाल तर त्याने मोकळा होणारा फॉस्फरस धरून डीसीपी कमी केलेले असावे.

वेळेचे गणित असे बसवा. पहाटे गारव्यात दिवे लावून रोजच्या खाद्याचा साधारण तिसरा हिस्सा द्या. दहा-अकरापर्यंत फीडर रिकामे होऊ द्या, दुपारी खाद्य हलवू नका. चारनंतर, ऊन उतरल्यावर उरलेले दोन हिस्से द्या. खाल्ल्यावर पचनाची उष्णता काही तास टिकते. ती दुपारच्या उष्णतेत भर घालू नये, एवढाच यामागचा हेतू. तरीही खाणे वाढत नसेल तर मध्यरात्री एक तास दिवे लावून खाद्य आणि पाणी द्या. या तासाच्या आधी आणि नंतर किमान तीन-तीन तास सलग अंधार हवा. पक्ष्यामागे २ ते ५ ग्रॅम खाणे यातून वाढते, आणि तेही कवच चढत असताना. हा तास बंद करायचा झाल्यास एका रात्रीत करू नका, रोज थोडी मिनिटे कमी करत आणा.

धापा आणि सोडा

कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होते, बायकार्बोनेट घटते आणि मोकळे कॅल्शियमही कमी होते. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. म्हणजे कॅल्शियम पुरेसे दिले तरी कार्बोनेटची बाजू लंगडी पडते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उष्णतेत ठेवलेल्या लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांना कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी पाजले, तेव्हा कवच सुधारले. शेडवर हे परवडणारे नाही. तिथे खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट कामाला येतो.

टनभर खाद्यामागे २ ते ३ किलो सोडा पुरतो. मात्र मीठ तेवढेच ठेवून वर सोडा घालू नका. सोड्यात २७ टक्के आणि मिठात ३९ टक्के सोडियम असते, म्हणून २ किलो सोडा घातला तर मीठ सुमारे १.४ किलोने कमी करा. एकूण सोडियम ०.१८ ते ०.२० टक्के आणि क्लोराइड किमान ०.१५ टक्के राहील असे बघा. हिशेब चुकला की पक्षी जास्त पाणी पितात, विष्ठा पातळ होते आणि अंडी घाण होतात. अमोनियम क्लोराइड ब्रॉयलरला, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबडीला उष्णतेत दिले जाते, ते लेअरला देऊ नका. ते रक्त आम्लाकडे नेते आणि कवच आणखी बिघडवते. क जीवनसत्त्व किलो खाद्याला २०० ते २५० मिलिग्रॅम दिल्यास ताण सोसायला मदत होते. ते उष्णतेत लवकर नष्ट होते, म्हणून आवरण असलेले घ्या.

पाण्याला खाद्याइतकेच महत्त्व द्या. थंडीत खाद्याच्या दुप्पट पाणी पिणारा पक्षी कडक उन्हात चौपट-पाचपट पितो. टाकीवर सावली करा, पाइप झाका आणि दुपारी निपलची (पाणी पिण्याच्या तोट्यांची) लाइन दोनदा तरी खुली सोडून तापलेले पाणी वाहून जाऊ द्या. पाणी २५ अंशांच्या खाली राहिले तर खाणेही टिकते. बोअरचे पाणी खारट असेल तर आधी त्याची तपासणी करा. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात झालेल्या संशोधनात लिटरला ६०० मिलिग्रॅम इतक्या मिठानेही कवच बिघडलेले आढळले. अशा ठिकाणी खाद्यात कितीही फेरफार केले तरी कवच सुधारत नाही, पाणीच बदलावे लागते.

फरक पडला का, ते असे तपासा

तडकलेली अंडी मोजून उशिरा कळते. मिठाच्या पाण्याची चाचणी आधी सांगते. तीन बादल्यांत प्रत्येकी ३ लिटर पाणी घेऊन अनुक्रमे ३२०, ३६५ आणि ४१४ ग्रॅम मीठ विरघळवा. त्यांची घनता साधारण १.०७०, १.०८० आणि १.०९० येते. हायड्रोमीटरने खात्री करा. त्याच दिवसाची, न तडकलेली तीस अंडी पाण्याच्याच तापमानाला आणा आणि कमी घनतेच्या बादलीपासून सुरुवात करा. अंडे ज्या बादलीत तरंगते ती त्याची घनता. बरीच अंडी १.०८० च्या बादलीतच तरंगू लागली तर कवच कमजोर आहे. शिळी अंडी घेऊ नका, हवेची पोकळी वाढल्याने ती उगाच तरंगतात. दर पंधरवड्याला एकाच वेळी गोळा केलेली अंडी तपासा.

खाणे नीट आहे आणि तरीही अचानक बिनकवचाची किंवा सुरकुतलेली अंडी येऊ लागली, तपकिरी अंड्यांचा रंग उडाला किंवा पांढरा भाग पाण्यासारखा झाला, तर खाद्याच्या मागे लागू नका. संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस किंवा ईडीएस (एग ड्रॉप सिंड्रोम) हा विषाणूजन्य रोग असू शकतो, पशुवैद्यकाला दाखवा. ब्रॉयलरचे निकार्बाझिन (कॉक्सिडिओसिसवरचे औषध) असलेले खाद्य चुकून लेअरला गेले तरीही कवचाचा रंग उडतो आणि बलकावर डाग पडतात.

बलकाचा रंग मका, झेंडूचा अर्क अशा पदार्थांतल्या रंगद्रव्यांवर ठरतो. रंग गडद म्हणजे अंडे जास्त पौष्टिक, असे नाही. उन्हाळ्यात बलक फिका पडला तर खाणे कमी झाले असेल किंवा मका जुना असेल. पांढऱ्याचा घट्टपणा मुख्यतः कळपाच्या वयावर आणि साठवणुकीवर अवलंबून असतो. अंडी दिवसातून तीन-चार वेळा उचला आणि गार जागी ठेवा.

ब्रॉयलरमध्ये उष्णतेने मांस फिके, मऊ आणि पाणी सोडणारे होते. दुपारच्या उष्णतेआधी चार ते सहा तास खाद्य बंद ठेवा, पाणी मात्र कधीच बंद करू नका. किलो खाद्याला १०० ते २०० आययू (आंतरराष्ट्रीय एकके) ई जीवनसत्त्व दिल्यास साठवलेले मांस उशिरा खवट होते. कत्तलीआधी ८ ते १२ तास खाद्य काढा. त्याहून जास्त काळ उपाशी ठेवल्यास आतडी कमकुवत होऊन फाटतात आणि मांस दूषित होते. पक्षी गाडीत पहाटे भरा.

पहिल्या पावसाने हवा गार झाली की खाणे दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते. तेव्हा पुन्हा वजन करा आणि संध्याकाळची जादा ग्रिट बंद करा, सोडा काढून मीठ मूळ प्रमाणावर आणा. खाणे वाढलेले असताना जादा कॅल्शियम चालूच राहिले तर कवचावर खडूसारखा थर आणि खरखरीत पुटकुळ्या दिसू लागतात.