सगळ्यांना पाचपैकी चार: रेसिडेंटांच्या मूल्यमापनाचा माझा अनुभव

रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर, यांची विभागातली पोस्टिंग संपून महिना उलटला की शिक्षक त्यांच्या मूल्यमापनाचे फॉर्म भरायचे. प्रत्येक रकान्यात पाचपैकी चार, शेऱ्यात ‘मेहनती’. यावरून मूल्यमापन समिती रेसिडेंटबद्दल ठरवणार तरी काय? इतक्या दिवसांनी शिक्षकाला माणूस आठवतो, त्याचं काम आठवत नाही.

लांबलचक फॉर्म बाद केला आणि मिनी-सीईएक्स ही छोटेखानी मूल्यमापनाची पद्धत घेतली: रुग्णाजवळ १५-२० मिनिटं प्रत्यक्ष निरीक्षण, लगेच पाचेक मिनिटं बोलणं, नोंद तिथल्या तिथे मोबाइलवर. ‘उत्तम-मध्यम’ काढून देखरेखीची पातळी विचारली: फक्त पाहू द्यावं, शेजारी उभं राहून करून घ्यावं, हाकेच्या अंतरावर थांबावं, एकट्यावर सोडावं, की इतरांना शिकवू द्यावं? इथे सरसकट चार टाकायला हात धजावत नाही. शिवाय एक वाक्य सक्तीचं, जे डोळ्यांनी पाहिलं तेच. ‘सेंट्रल लाइन घालताना डायलेटर घेण्यासाठी गाइडवायरवरचा हात सोडला, थांबवावं लागलं’ हा शेरा दहा ‘मेहनती’ंना भारी. (सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत घालायची नळी; डायलेटरने वाट रुंद करून ती गाइडवायर या तारेवरून सरकवतात, आणि तारेवरचा हात सुटला तर ती शरीरात आत जाऊ शकते.)

नवी पळवाटही निघाली. रेसिडेंट सोपा रुग्ण आणि सढळ हाताचा परीक्षक निवडू लागले. म्हणून एका परीक्षकाच्या दोनच नोंदी ग्राह्य, आणि निम्मे रुग्ण परीक्षकाने निवडलेले. एका रुग्णावरची कामगिरी दुसऱ्यावर टिकेलच असं नसतं, त्यामुळे रुग्ण आणि परीक्षक दोन्ही बदलते हवेत.

रेसिडेंटांनी शिक्षकांबद्दल दिलेले निनावी अभिप्राय मात्र पाच जमल्याशिवाय उघडायचे नाहीत. छोट्या विभागात हस्ताक्षर नसलं तरी भाषेवरून माणूस ओळखू येतो.