दावा केवढा, पुरावा केवढा : संगणकशास्त्रातील पहिल्या शोधनिबंधाचा अनुभव

बडोद्यात एम.ई. करीत असताना मी पहिला शोधनिबंध लिहिला. विषय होता हस्तलिखित मोडी अक्षरे संगणकाकडून ओळखून घेण्याचा. गायकवाडी कारभाराची कितीतरी कागदपत्रे मोडीत आहेत आणि दांडिया बाजारातील आमच्या घरीही पणजोबांच्या हातची काही पत्रे जपून ठेवलेली आहेत, त्यामुळे विषय निवडायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो त्या विषयातून एक नेमका दावा वेगळा काढायला.

‘मोडी ओळखणारी प्रणाली तयार केली’ हे कामाचे वर्णन झाले, दावा नव्हे. मोडीत आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली शक्य तितका हात न उचलता लिहीत आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. म्हणून ‘शिरोरेघ आधी पुसल्यास जोडून लिहिलेली अक्षरे अधिक अचूकपणे सुटी करता येतात’ हे विधान आम्ही धरले, कारण ते प्रयोगाने खोटे ठरू शकत होते. नवोदितांनी असे एक वाक्य हाती येईपर्यंत लिहायला बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या खेपेस निबंध नाकारला गेला आणि तो निर्णय योग्यच होता. आम्ही सर्व अक्षरचित्रे एकत्र मिसळून त्यांतील काही प्रशिक्षणासाठी, म्हणजे संगणकाला शिकवण्यासाठी, व उरलेली चाचणीसाठी घेतली होती. त्यामुळे एकाच कारकुनाच्या, कित्येकदा एकाच पानावरच्या अक्षरांची दोन्हीकडे वाटणी झाली. अचूकता फार चांगली दिसत होती. समीक्षकांचा अभिप्राय वाचून माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “हा आकडा मोडी ओळखण्याचा नाही, त्या कारकुनाचे अक्षर ओळखण्याचा आहे.” मग आम्ही लेखकागणिक विभागणी केली, म्हणजे चाचणीतील लेखकाचे एकही अक्षर प्रशिक्षणात येऊ दिले नाही. आकडा बराच खाली आला, पण आता तो आमच्या दाव्याविषयी काही सांगत होता. वैद्यकीय चित्रांवर काम करणाऱ्यांना रुग्णागणिक विभागणी करावी लागते, त्याचेही कारण हेच.

तुलनेच्या बाबतीतही तितकीच दक्षता हवी. स्वतःच्या पद्धतीचे पॅरामीटर (आपण ठरवायची मूल्ये) आठवडाभर बसून जुळवायचे आणि जुनी पद्धत मात्र आहे त्या सेटिंगवर चालवायची, ही तुलना न्याय्य नाही. दोन्हींना सारखाच वेळ द्यावा, पॅरामीटर वेगळ्या व्हॅलिडेशन संचावर, म्हणजे प्रशिक्षण व चाचणी या दोहोंबाहेर राखून ठेवलेल्या नमुन्यांवर, ठरवावेत आणि चाचणी संचाला अगदी शेवटीच हात लावावा. त्यानंतर पद्धतीतील एकेक भाग काढून पाहावा, म्हणजे सुधारणेचे श्रेय नक्की कोणत्या भागाचे ते कळते. प्रत्येक प्रयोग निरनिराळ्या रँडम सीडवर (संगणकाच्या यादृच्छिक निवडींची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यांवर) काही वेळा चालवून सरासरीबरोबर प्रमाण विचलनही, म्हणजे निकाल सरासरीभोवती किती पसरले याचे मापही, द्यावे.

दावा आणि पुरावा किती जवळ असावेत हे मला 2015 मधील रेसनेट या चित्रे ओळखणाऱ्या, अनेक थरांच्या न्यूरल जाळ्याच्या निबंधावरून उमगले. कायमिंग हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्याच पानावर सिफार-10 या लहान चित्रांच्या प्रसिद्ध संचावरील एक आलेख दिला आहे : साध्या रचनेच्या 56 थरांच्या जाळ्याची चूक 20 थरांच्या जाळ्यापेक्षा जास्त, आणि तीही केवळ चाचणीत नव्हे तर प्रशिक्षणातसुद्धा. प्रशिक्षणातच चूक वाढते म्हटल्यावर दोष ओव्हरफिटिंगचा (प्रशिक्षणातील नमुने जणू पाठ करून नव्यांवर चुकण्याचा) नाही हे वाचकाला तिथेच पटते आणि पुढची सगळी मांडणी ‘थर वाढवूनही चूक का वाढते’ या कोड्याचे उत्तर म्हणून वाचली जाते. आपल्या निबंधातील असा एक आलेख कोणता, हे लिहिण्यापूर्वी शोधावे.

लिहिताना मी आधी तक्ते व आलेख, मग प्रयोग, मग पद्धत, त्यानंतर प्रस्तावना आणि सर्वांत शेवटी सारांश असा क्रम ठेवते. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा म्हणजे नावांची यादी नव्हे. प्रत्येक कामापासून आपले काम कोठे वेगळे होते ते त्यात आले पाहिजे. मांडणीसाठी लाटेक ही अक्षरजुळणीची संगणकप्रणाली वापरावी आणि परिषदेने दिलेला साचा बदलू नये. समीक्षा दोन्ही बाजूंनी निनावी असेल तर कोडच्या दुव्यातूनही आपले नाव उघड होणार नाही, हे पाहावे.

दुसऱ्या खेपेस निबंध पाठवताना आम्ही मर्यादांचा स्वतंत्र परिच्छेद जोडला. फिकट शाईच्या पानांवर शिरोरेघेबरोबर अक्षरांचे वरचे भागही पुसले जात होते, आणि अशा पानांची चार चित्रे आम्ही त्या परिच्छेदाशेजारीच छापली.