मागचे ब्रेक ड्रम तापले? या चुका टाळा

"मालक, लायनर टाकून द्या, संध्याकाळी तुळजापूरला जायचंय." सोलापुरात होटगी रोडवरच्या आमच्या गॅरेजात हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. लायनर म्हणजे ब्रेक दाबला की चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासणारी पट्टी. ड्रम तापला कशानं, हे विचारायला कुणाला सवड नसते.

मे महिन्यात अशीच एक गाडी आली. तुळजापूरचा घाट उतरताना मागच्या उजव्या चाकातून धूर निघाला, म्हणून साहेबांनी चाकावर पाण्याच्या दोन बाटल्या रिकाम्या केल्या. वाटेतल्या गॅरेजवाल्यानं नवे लायनर बसवले, पैसे घेतले. आठव्या दिवशी पुन्हा तोच जळका वास.

मी आधी ड्रम उघडत नाही. गाडी जॅकवर चढवली, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, चाक हातानं फिरवून पाहिलं. जाम. मग त्या चाकाचा ब्लीडर निप्पल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, सैल केला. ऑइल उडालं आणि चाक सुटलं, तर प्रेशर आत अडकलंय असं समजायचं. होज (चाकाकडे ऑइल नेणारा रबरी पाइप) किंवा मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा, ऑइल ढकलणारा) बघायचा. इथं चाक जाम ते जामच. मागून हँडब्रेकची केबल मोकळी केली आणि चाक गरागरा फिरलं! केबल आतून गंजली होती. ओढली की यायची, सोडली की परत जायची नाही. तीनशे-चारशे रुपयांच्या केबलपायी नवे लायनर काचेसारखे चकाकत होते आणि ड्रमवर निळे डाग होते. शिवाय पाण्याची कृपा: आतून केसाएवढ्या भेगा. "लेथवर टर्निंग मारून चालेल का?" नाही चालणार. भेग गेलेला ड्रम भंगारातच.

दुसरी चूक आमची नवीन पोरं करतात, आणि ती सांगूनही सुटत नाही. तापलेला ड्रम फुगतो, लायनरपासून लांब जातो, म्हणून पेडल खाली जातं. पोरगं लगेच स्क्रू ड्रायव्हर घालून अ‍ॅडजस्टर (लायनर ड्रमच्या जवळ आणणारा स्क्रू) कसून मोकळं. ड्रम गार झाला की आकसतो, लायनरला धरून बसतो आणि दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा तापतं. मी ड्रमवर तळहात टेकवून दहा आकडे मोजतो. हात टिकला तरच पाना उचलायचा, नाहीतर चहा.

धूर निघत असताना हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका. गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा. (निघताना तो दगड रस्त्यातून उचला.)

ड्रम निघत नाही म्हणून हातोडा घालू नका. बऱ्याच ड्रमना आट्यांची दोन भोकं असतात, त्यात बोल्ट सारखे कसत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो.

व्हील सिलिंडरचे (चाकातले लायनर ढकलणारे) रबर पेट्रोल-डिझेलनं धुऊ नका, फुगतात.

ब्रेक ऑइल जुनं असेल तर बदलाच. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल शोषलेलं १४० च्या आसपासच. घाटात पेडल स्पंजासारखं होतं ते यामुळं.

काम झालं की मी गाडी अक्कलकोट रोडनं कुंभारीपर्यंत नेतो, ब्रेक शक्य तेवढा कमी दाबून. परत आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेतो. एक बाजू जास्त गरम लागली तर ड्रम पुन्हा उघडतो, गिऱ्हाईक बाकावर बसून घड्याळ बघत असलं तरी.